सायकल दिसली की गरिबी आठवते!

सुट्टीला परभणीत आलो की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. नेदरलँड्समधल्या लायडनहून काटवाइकच्या समुद्रावर जातानाचा माझा फोटो बघून मामा म्हणतात, "कामून रे, इतकी वर्षं तिकडं राहून अजून सायकलच? गाडी घ्यायपुरता पगार देत नाहीत का?"

दरवेळी सांगतो. समुद्र जेमतेम दहा किलोमीटरवर. सायकलींना वेगळा लाल रस्ता, वेगळे सिग्नल. जूनमध्ये रात्री १० पर्यंत उजेड, त्यामुळं कामावरून सुटून निघालं तरी सूर्यास्त वाळूत बसून बघता येतो. जाताना समोरच्या वाऱ्यानं मांड्या भरून येतात, येताना तोच वारा पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडतो. तिकडं मार्क रुटे २०१० पासून पंतप्रधान होते. जुलै २०२४ मध्ये पद सोडलं आणि सायकलवर बसून निघून गेले!

"बरं बरं," मामा म्हणतात, "पण एखादी जुनी तरी गाडी घे."

संताप होतो. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही. लेकरांना तो दाखवायचा तर रातभर प्रवास. मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तेव्हा नोकरीला लागलो होतो. आता तोच समुद्र रोज संध्याकाळी पायडल मारत गाठता येतो, याचं कुणालाच काही नाही. आणि मामा, तुम्हीच तर सायकलवर डबलसीट बसवून मला शाळेत सोडायचात! तेव्हा आपण गरीब होतो, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.