शफल लावा, पण आपल्याच गाण्यांवर

गाणी ऐकायचा माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे आपल्याच साठवलेल्या गाण्यांवर शफल, म्हणजे गाणी पत्त्यांसारखी पिसून कुठल्याही क्रमाने वाजवणारं बटण, लावायचं आणि मोबाइल पालथा घालून ठेवायचा. ॲपने 'खास तुमच्यासाठी' म्हणून पुढे केलेली गाणी नकोत. वर्षानुवर्षं कुठून कुठून जमवून एका फोल्डरमध्ये कोंबलेली, आपली गाणी.

यात गाणी आपणच निवडलेली असतात, क्रम तेवढा आपला नसतो. ॲप सतत माझ्याबद्दल अंदाज बांधत असतं. काल दोन गझला ऐकल्या की आज दिवसभर गझलांचा रतीब सुरू. शफलला माझं काही पडलेलं नसतं. काल मी काय ऐकलं, आत्ता किती वाजलेत, कशाचा पत्ता नाही. पहिल्याच फटक्यात भैरवी लावून मोकळं होतं, म्हणजे मैफल सुरू व्हायच्या आधीच संपली!

पण खरी मजा शेजाराची. संथ अभंग संपतो, मृदंग अजून कानात घुमत असतो आणि धाडकन लावणीची ढोलकी सुरू होते. दोन सेकंद वैताग येतो. मग कान टवकारतात, आणि त्या लावणीत कडव्यांच्या मधे पेटीचा एक छोटासा तुकडा आहे, तो आज पहिल्यांदा नीट ऐकू येतो. गाणं तेच, शेकडो वेळा ऐकलेलं. आधीचं गाणं बदललं, एवढंच.

कॅसेटवर वाढलेल्यांना हे जास्त कळेल. एक गाणं संपलं की पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आपोआप वाजायचा, कारण क्रम पाठ झालेला. आजही शफलवर एखादं गाणं संपतं, मन सवयीने पुढचं गुणगुणायला घेतं, आणि स्पीकरमधून भलतंच काहीतरी येतं. तो क्षणभराचा गोंधळ मला फार आवडतो.

आता नेहमीची तक्रार: "शफल बिघडलंय, एकाच गायकाची गाणी लागोपाठ लावतंय." बिघडलेलं नसतं हो. समजा, १,००० गाणी आहेत आणि दहा गायकांची प्रत्येकी १००. नीट पिसली तर पुढचं गाणं त्याच गायकाचं असण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे वीस गाण्यांत सरासरी जवळजवळ दोनदा तोच आवाज लागोपाठ येणार. आपल्याला मात्र त्यात कट दिसतो. लोकांची हीच कुरकुर ऐकून ॲपलच्या आयट्यून्स या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये २००५ साली 'स्मार्ट शफल' आलं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपनेही पुढे एकाच गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब पेरायला सुरुवात केली. थोडक्यात, खरी सरमिसळ लोकांना खोटी वाटली म्हणून कंपन्यांनी खोटी सरमिसळ खरी वाटेल अशी बनवली. मला जुनंच बरं वाटतं. लागली एकाच गायकाची तीन गाणी लागोपाठ, तर लागू देत की.

काही ठिकाणी शफल नको, हेही मान्य. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप शफल काढलं, ते योग्यच झालं. ज्याने क्रम विचार करून लावलाय, त्याचा अल्बम सलगच ऐकावा. तासाभराचा ख्यालही मी शफलच्या फोल्डरमधून बाहेर ठेवतो. त्याच्या मागे-पुढे कोणाचाच टिकाव लागत नाही.

आपल्या संग्रहात कचराही असतोच. सीडीवरून उतरवलेलं, नाव-गाव नसलेलं 'ट्रॅक ०७'. साध्या ऑडिओ सीडीत बहुतेक वेळा गाण्यांची नावं नसतातच, ती नेटवरच्या यादीतून यायची. नेट नसताना उतरवलं की असे अनाथ ट्रॅक जमा होतात. एखादी फाइल शेवटच्या तानेवरच तुटलेली. एकाचा आवाज इतका बारीक की व्हॉल्यूम वाढवावा, आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवणारं. मित्र म्हणतात, एकदा बसून सगळं साफ कर, नावं घाल. नाही करत. 'ट्रॅक ०७' लागलं की हे कोण गातंय, हे ओळखायचा डाव रंगतो, आणि तो मला नावापेक्षा प्रिय आहे.

नियम एकच पाळतो: गाणं लगेच पुढे ढकलायचं नाही. कंटाळवाणं वाटलं तरी पहिलं कडवं होईपर्यंत थांबायचं. निम्म्या वेळा त्या कडव्यानंतर बटणाकडे हात जातच नाही. उरलेल्या निम्म्या वेळा जातो, आणि मग प्रश्न पडतो की हे गाणं मी मुळात साठवलंच का होतं!