फणसाला टांगलेलं इंजिन

इंजिन ऑइलचा डाग खळ्यावर पडला की आमच्या घरात तो यांत्रिक बिघाड राहत नाही, कौटुंबिक होतो. आमच्या मालवण भागात दिवाळीच्या सुमारास खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नव्याने करतात. पावसाने धुपलेलं खरवडायचं, लाल माती पसरायची, पाणी मारून चोपायची आणि मग शेणाने सारवायची. हे सगळं आई करते, म्हणजे करवून घेते, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत त्या खळ्यात कोंबडीसुद्धा आईच्या परवानगीने उतरते. अशा खळ्यात, ऐन वृंदावनापासून दोन हातांवर, आमच्या पद्मिनीने काळंभोर तेल ओकून ठेवलं.

"गाडी होयी काय खळा होया, ता एकदा ठरव," आई म्हणाली.

गाडी काकांची. परळला असताना त्यांनी नंबर लावून, बरीच वर्षं थांबून घेतलेली प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढे सलग बाकडं, ज्यावर काका, काकू आणि मध्ये मी असे गणपतीला यायचो. मुंबईत या गाड्यांचं युग संपलं ते सगळ्यांना आठवतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली आणि पेपरांत हळवे लेख आले. हळवे लेख लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या गाडीखाली झोपलं असेल असं मला वाटत नाही.

गाडी पावसाळाभर मांगरात, म्हणजे घराबाजूच्या कोठारात, होती. दिवाळीत बाहेर काढली, कुडाळपर्यंत फिरवून आणली आणि खळ्यात उभी केली. तिथून गळती सुरू. परत येताना चढावर क्लचही घसरला होता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी विचार करत होती.

कोकणात माणूस मोटार दुरुस्त करायला लागला की गडगा ओलांडून माणसं येतात. बोलावणं लागत नाही. सगळ्यांत आधी शेजारचे तात्या आले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, खाली न बघताच उठले आणि म्हणाले, "सील गेला. मागचा. माका आवाजावरसून कळला." गाडी तेव्हा बंद होती.

मग मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून मासे घेऊन येणारे एक काका थांबले. त्यांनी टोपली उतरवून सांगितलं की होडीच्या फळ्यांच्या फटीत ते सुती दोरा ठोकतात आणि वर तेलात घोटलेला चंद्रूस भरतात, थेंब आत येत नाही. मी म्हटलं, इथे बाहेर येतंय. "फट ती फट," ते म्हणाले, "होडयेची काय नि गाडयेची काय." त्यांच्यामागून मावशीने फणसाचा चीक सुचवला. फुटलेल्या मडक्याला तिच्या सासूने तो लावला होता आणि ते मडकं अजून आहे. पुण्याहून दिवाळीला आलेला चुलतभाऊ सिलिकॉनची ट्यूब घेऊन तयारच होता. इंजिनाला बाहेरून सगळीकडे फासू, असं त्याचं म्हणणं. चीक आणि सिलिकॉन यांत मला तत्त्वतः फारसा फरक दिसला नाही. चीक निदान फुकट होता.

मेस्त्री आले ते संध्याकाळी. आमचे मेस्त्री फार बोलत नाहीत. गाडीखाली गेले, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि बाहेर येऊन म्हणाले, "आदी धुवून काडुया. तेल खंयसून येता ता दिसल्याशिवाय मी पान्याक हात लावचंय नाय."

हा माणूस मोठा असल्याचं मला तिथेच पटलं. कारण गाडीचं तेल गळतं तिथे दिसत नाही. वर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, बुचाच्या (कॉर्कच्या) गॅस्केटमधून सुटलेला थेंब ब्लॉकवरून ओघळतो, गाडी चालली की पंख्याचा आणि रस्त्याचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी तो क्लच हाउसिंगच्या खाली लोंबतो. बघणारा म्हणतो, मागचं सील गेलं. म्हणजे जी वस्तू बदलायला सगळ्यांत जास्त खोलाखोल लागते, नेमकी तीच आधी संशयात येते.

रॉकेल, ब्रश आणि चिंध्या यांनी इंजिन धुतलं. मग मेस्त्रींनी टाल्कम पावडर मागितली. धुतलेल्या कोरड्या इंजिनावर पावडर फुंकायची, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची, तेल जिथून पाझरतं तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. बायकोने डबा दिला आणि विचारलं, "अहो, मला हा शेवटचा कधी आणून दिला होतात, आठवतंय?" इंजिनाला चंदनाचा वास यायला लागला. आणि काळ्या रेघा उमटल्या त्या एका जागी नाही. वर टॅपेट कव्हरला, पुढे टायमिंग कव्हरच्या सीलला, खाली संपच्या, म्हणजे तेलाच्या पेटीच्या, कडेने, आणि मागेही. तात्या खूश झाले. मेस्त्री मात्र गप्प झाले. "सगळी एकदम कशी गेली?" असं काहीसं ते पुटपुटले, पण तोवर चुलतभावाने इंजिन उचलायची चेन पुली आणायला माणूस धाडला होता.

मेस्त्रींच्या गॅरेजातल्या चिऱ्याच्या खड्ड्यात अजून पावसाचं पाणी होतं, त्यात बेडूक होते. त्यामुळे इंजिन आमच्याच खळ्यात उतरवायचं ठरलं. चेन पुली कशाला बांधायची यावर घरात चर्चा झाली. दारचा हापूस सोयीचा, पण मोहराच्या तोंडावर त्याच्या फांदीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. फणसाला हरकत नव्हती. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, नळ्या, वायरी, एक्झॉस्ट सुटे केले, आणि इंजिन साखळीवर करकरत वर निघालं. रस्त्याने जाणारी एसटी हळू झाली. वाहकाने खिडकीतून डोकं काढून "फणस पिकलो काय रे?" असं विचारलं.

मागचं सील मेस्त्रींनी काढून माझ्या हातात दिलं तेव्हा मला त्या गोल रबराची दया आली. तेल अडवणारी त्याची पातळ ओठासारखी कड असते आणि ती फिरत्या शाफ्टला सतत चिकटून राहावी म्हणून तिच्यामागे केसाएवढ्या तारेचं स्प्रिंग असतं. ही कड मऊ असली तरच काम करते. आमची वाळलेल्या कोकमाच्या सोलासारखी झाली होती. दुमडली तर कडकन मोडली. शिवाय इतकी वर्षं एकाच जागी घासून तिने क्रँकवर, म्हणजे त्या शाफ्टवर, बारीक खाच पाडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, नखाला लागत होती. मेस्त्रींनी माझं नख धरून त्या खाचेवरून फिरवलं. नवीन सील किंचित अलीकडे बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या पोलादावर येते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. क्लच प्लेटवर तेल होतंच. तात्यांचा मान राहिला.

आता सामान. मुंबईतला मावसभाऊ कुर्ल्याच्या बाजारात गेला, हे मला फार योग्य वाटलं, कारण गाडीसुद्धा कुर्ल्याच्याच कारखान्यातली. त्याने गॅस्केटचा अख्खा सेट आणि सीलं घेऊन रातराणीच्या ड्रायव्हरकडे दिली. पहाटे कसालला हायवेवर उभं राहून मी ते पार्सल घेतलं. घरी उघडलं तर गॅस्केटचं एकही भोक आमच्या इंजिनाशी जुळेना. दुकानदाराने डिझेल पद्मिनीचा सेट दिला होता. डिझेल पद्मिनी निघाली होती हे मी विसरून गेलो होतो. दुकानदार नव्हता विसरला. अशी गिऱ्हाइकं त्याला रोज कुठे मिळणार?

सेट परत गेला. दरम्यान तुळशीचं लग्न आलं.

वृंदावन रंगवलेलं, ऊस उभा केलेला, चिंचा-आवळे खोवलेले, आणि चार पावलांवर फणसाला इंजिन. आईने एक दिवस आधी सांगून पाहिलं होतं की ते निदान घोंगडीने झाका. झाकल्यावर ते जास्त भयंकर दिसायला लागलं, लहान मुलं रडली, म्हणून घोंगडी काढली आणि साखळीला झेंडूची माळ घातली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. काही इंजिनावरही पडल्या. इनलेटच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती म्हणून बरं. मेस्त्री लग्नाला आले होते ते मुख्यतः ती चिंधी सांभाळायला.

मग गाऱ्हाण्याची वेळ आली. तात्या हात जोडून पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या लेकराची गाडी खळ्यात उभी आसा आणि तिचा काळीज फणसाक टांगलेला आसा. कोणाची वायट नजर लागली आसात, कोण वाटेत आडवो इलो आसात, तर ता बाजूक कर आणि मुंबयसून निघालेला सामान वेळेर पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आणि इला ता मापाचा येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात मावसभावाचा फोनवरून आलेला आवाजही होता.

"आणि परत कधी तेल गळाचा नाय, असा कर रे म्हाराजा!"

या वेळी मेस्त्रींचा "व्हय म्हाराजा" जरा मागून आणि हळू आला.

सामान आलं, मापाचं आलं. संपचं बुचाचं गॅस्केट मात्र बॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून आटलेलं. शेवटची दोन भोकं बोल्टापर्यंत पोचेनात. मेस्त्रींनी कोमट पाणी मागितलं. बूच भिजलं की फुगतं आणि मूळ मापावर येतं. बायकोने हाताला लागलं ते पातेलं दिलं आणि आतून आई ओरडली, "अगो, तो टोप पेजेचो!" गॅस्केट तासाभराने मापात आलं. टोप आता मेस्त्रींकडे आहे.

संपची कड पत्र्याची असते. मागे कुणीतरी दात ओठ खाऊन बोल्ट आवळलेले, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला. मेस्त्रींनी तो लोखंडी तुकड्यावर ठेवून बारक्या हातोडीने एकेक भोक सपाट केलं. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, प्रत्येक बोल्टाला थोडा थोडा पीळ. चुलतभावाने जोर दाखवायला पान्याला हात घातला, तसा मेस्त्रींनी तो काढून घेतला. बूच चेपून फाटलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. सिलिकॉनची ट्यूब त्यांनी आधीच खिशात टाकली होती. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं, तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतं, तेलाचं प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. हे ऐकल्यावर चुलतभाऊ फराळाला बसला.

इंजिन फणसावरून उतरून गाडीत गेलं. नवीन तेल भरलं. सेल्फ मारला, चालू झालं, टाळ्या पडल्या. खाली पुठ्ठा अंथरला होता. सगळे पुठ्ठ्याकडे बघत होते.

थेंब पडला. टॅपेट कव्हरकडून. थोड्या वेळाने पुढूनही.

तात्या म्हणाले, गाऱ्हाण्यात "रे" कमी पडला. मेस्त्री ऐकत नव्हते. ते डिपस्टिककडे बघत होते. तेल मोजायची ती पट्टी आपल्या भोकातून हळूहळू, आपोआप वर येत होती. त्यांनी बोटाने खाली दाबली. परत वर आली. त्यांनी तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून फुस्सकन वाफ आली.

"बंद कर! बंद कर!"

इंजिन चालताना पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली तेलाच्या पेटीत उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती चोंदली की आत दाब धरतो आणि तो मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवीन असो, जुनं असो. एअर फिल्टरकडे जाणारं ब्रीदरच्या नळीचं टोक कधीतरी सुटून मोकळं लोंबत राहिलं होतं. मेस्त्रींनी नळी काढून खळ्यावर आपटली. चिखलाचा एक सुबक गोळा बाहेर पडला, आत कप्पे, कप्प्यांत गुंगवलेले कोळी.

कुंभारीण माशी. मांगरातल्या पावसाळ्यात तिने आमच्या पद्मिनीत बिऱ्हाड थाटलं होतं.

मेस्त्रींनी नळीतून तार फिरवली, फुंकर मारली, क्लिपने जागच्या जागी आवळली. गाडी चालू केली. पट्टी हलली नाही. पुठ्ठा कोरडा. तेवढ्यात मावशी म्हणाली की कुंभारणीचं घर मोडलं ते बरं नाही झालं, अंड्यांचं पाप लागतं. त्यावर वेगळी चर्चा सुरू झाली.

माशी आधी काढली असती तर इंजिन फणसावर चढलं असतं का, हा प्रश्न मी मेस्त्रींना विचारला. "मागचा सील कडकन मोडला ना? मगे?" एवढंच म्हणून त्यांनी गॅस्केटच्या पुठ्ठ्याच्या मागे बिल लिहिलं. संप, टॅपेट, पुढचं सील, मागचं सील, क्लच प्लेट, तेल, मजुरी. शेवटी, "माशयेचा घर काडला. फुकट."

आईने चष्मा लावून ते सगळं वाचलं. मग माझ्या खिशातलं पेन घेऊन खाली स्वतः एक ओळ घातली, "खळा परत सारवूक शेण, माती नि दोन गडी," आणि पुढे आकडा टाकला. मेस्त्रींनी तो बिनतक्रार एकूण रकमेतून वजा केला.