भव्य भग्नावशेष उभारू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. परंतु बांधलेले घर आपल्याच हयातीत जमीनदोस्त झालेले ऐकण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. ते आपणांस हवे असल्यास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात फॉन्टहिल ॲबी नावाचा गॉथिक महाल उभारणाऱ्या विल्यम बेकफर्डचा कित्ता गिरवावा.

सर्वप्रथम वडील नीट निवडावेत. बेकफर्डचे वडील दोनदा लंडनचे लॉर्ड मेयर झाले होते आणि १७७० साली ते वारले तेव्हा दहा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाच्या नावे जमैकातील उसाचे मळे आणि त्यांत राबणारी गुलाम माणसे लागली. साखर कोणाच्या पाठीवरील वळांतून आली, याची चौकशी कृपया करू नये. उंच कमानीखाली उभे राहून मन उदात्त करून घ्यायचे असेल, तर असली चौकशी फार बाधते.

वास्तुविशारद नामांकित असावा, पण कामावर सहसा फिरकणारा नसावा. जेम्स वायट या दोन्ही कसोट्यांना उतरला. १७९६ साली काम सुरू झाले आणि मालकाची घाई व वायटची गैरहजेरी यांचा असा मेळ बसला की, शेकडो मजूर मशालींच्या उजेडात रात्रपाळ्या करीत राहिले, दगडाच्या जागी लाकूड आणि गिलावा यांवर भिस्त ठेवली गेली, आणि मनोरा मात्र चढतच राहिला. ‘आधी कळस, मग पाया’ हे आपल्याकडे कोड्यापुरते असते. येथे कळस झाला, पाया मग करायचाही राहून गेला. १८०० साली वादळात मनोरा पडला, तरी त्याच डिसेंबरात बेकफर्डने ॲडमिरल नेल्सनला थाटाची मेजवानी दिली आणि पुढे मनोरा पुन्हा सुमारे २७६ फुटांपर्यंत नेला. तीस फुटांहून उंच दरवाजा उघडण्यास मुद्दाम ठेंगू द्वारपाल नेमावा, म्हणजे दरवाजा आणखी उंच दिसतो. पाहुणे येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एवढे झाल्यावर गिऱ्हाईक शोधावे, आणि वेळेत शोधावे. साखरेचे उत्पन्न आटले, कर्ज वाढले, तेव्हा १८२२ साली बेकफर्डने ही वास्तू सुमारे तीन लाख पौंडांना जॉन फार्करच्या गळ्यात घातली. बंगालमध्ये बंदुकीच्या दारूवर गब्बर झालेल्या या गृहस्थास स्फोटाची पारख असेल, पायाची नव्हती. पाया करारानुसार घातलाच नव्हता, हे देखरेख करणाऱ्याने मरताना कबूल केले आणि बेकफर्डने ते फार्करला कळवले. त्यावर ‘माझ्या हयातीपुरता टिकेल’ असे उत्तर आले म्हणतात. २१ डिसेंबर १८२५ रोजी मनोरा कोसळला. फार्कर १८२६ मध्ये वारला, म्हणजे अंदाज थोडक्यात हुकला. आपल्याला कधी न केलेला मुजरा मनोऱ्याने नव्या मालकास केला, एवढेच बेकफर्ड म्हणाला, अशी आख्यायिका आहे.

त्याने पुढे बाथ शहरालगत लॅन्सडाउन टेकडीवर दुसरा, अवघा १२० फुटांचा मनोरा बांधला. तो आजही उभा आहे; तेव्हा आपल्या कामासाठी त्याचा नकाशा मागवू नये.