गॅरेजात पिकलंय मीठ!

आज सकाळी शटर वर केलं आणि डोकंच फिरलं. सिमेंटच्या कोब्यावर पुन्हा पांढरी भुकटी, म्हणजे लोणा! परवाच तासभर उकिडवं बसून घासला होता. बाहेर कोकण हिरवंगार आणि माझ्या रत्नागिरीच्या गॅरेजात शिरोड्याचं मिठागर.

शेजारचे काका तीनदा सांगून गेले, "ॲसिड ओत, चकाचक होईल." ओतलं. झालं चकाचक, दोन दिवस! ॲसिड नुसता डाग खात नाही हो, सिमेंटच खातं. वरची साय गेली, वाळू उघडी पडली. आता झाडू मारला की कोबाच सुपलीत येतो. त्या वाफेनं स्कूटरचे नटही गंजले ते वेगळंच. आई म्हणते, "लोणा कधी पाणी मारून जातो होय?" बरोबर आहे तिचं. पाण्यात क्षार विरघळतो, परत कोब्यातच मुरतो. आधी कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा. हे मला चाळिशीत कळतंय.

पण खरा राग गवंड्यावर. ओल अडवायला खाली जाड प्लास्टिक अंथर म्हटलं तर म्हणाला, "दादा, गॅरेज आहे, देवघर नाय." सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. या पठ्ठ्यानं पाइपच सोडला! का? तर "माल सरकत नाय." वर चमक यावी म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं, तेच आता पापुद्र्यानं सुटतंय. निदान ७ दिवस तरी पाणी मारायला हवं होतं, हा तिसऱ्या दिवशी हिशेब घेऊन शिमग्याला पसार. (आणि मीही शहाणा, पालखी नाचवायला त्याच्या मागोमाग.) मग काय, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, ओल खालून चढते, क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जातं आणि मीठ माझ्या नशिबी.

रंगवाल्यानं त्यावर इपॉक्सी (जमिनीवरचा जाड रंग) गळ्यात मारलं. जुलैत टराटरा फोड आले. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर जमिनीवर ठेवलं असतं तर त्याखाली जमलेले ओलीचे थेंब दिसले असते. पण विकणारा हे कशाला सांगेल?

आता गणपतीला मुंबईहून भावोजी येणार. त्यांच्या गाडीचं ऑइल गळतं. मागच्या वर्षी बशीएवढा डाग होता, मी रॉकेल ओतलं आणि त्याची परात झाली. या वेळी तेल शोषायला भुशाची गोण दारातच ठेवलीय. गाडी लावून उतरता उतरता विचारतील, "अरे, अजून लादी नाही घातलीस?"

विचारून तर बघू देत.