बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी ओळखता येत नाही

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'बोटांच्या ठशांवरून मुलाची आठपैकी कुठली बुद्धी वरचढ ते कळतं, त्यावरूनच शाखा निवडा.' हे खरं नाही. ठशांच्या चाचणीचे पैसे भरण्याआधी कृपया वाचा.

बुद्धी एकच नसते, तिचे वेगवेगळे प्रकार असतात, ही बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडली. तेव्हा बुद्धी सात होत्या, निसर्गविषयक आठवी नंतर आली. त्यात ठशांचा संबंध कुठेच नाही. शिवाय या सिद्धांतावरही मानसशास्त्रज्ञांचं एकमत नाही. ठसे आईच्या पोटात तयार होतात आणि जन्मभर तेच राहतात. चौदा-पंधराव्या वर्षी आवड मात्र वर्षभरातही पालटते.

माझ्याकडे शिकणाऱ्या वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलीच्या ठशांच्या रिपोर्टात 'निसर्गविषयक बुद्धी कमी' असं छापून आलं. हीच पोर आईच्या मासळीच्या पाटीवर बसते, पापलेटचे कल्ले उचलून ताजं की कालचं ते सांगते, वारा फिरला की बाजारात काय येईल याचा अंदाज बांधते. रिपोर्ट वाचून ती जीवशास्त्र सोडायला निघाली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

कल जाणून घ्यायचाच असेल तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. आणि मूल न सांगता कशात रमतं, ते बघा.