रामशास्त्री पुण्यातून गेले, पण परतही आले

२५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी भर दरबारात राघोबादादांना फाशी सुनावली, तोंडावर राजीनामा फेकला आणि मरेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवलं नाही. खाली हात जोडलेले आणि 'असा न्यायाधीश पुन्हा होणे नाही'. शास्त्रीबुवा गेले ते २५ ऑक्टोबर १७८९ला, तेव्हा आठवण काढायला तिथी चुकलेली नाही. बाकीचं मात्र तपासून घ्यावं असं आहे.

आधी फाशी. राघोबांचे पुतणे पेशवे नारायणराव यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला, शनिवारवाड्यात. त्यानंतर पेशवाई राघोबांच्याच हातात. शास्त्र्यांनी काही आठवडे चौकशी केली, धागा थेट दादांपर्यंत पोचला. पुतण्याला धरायचा हुकूम दिला होता, मारायचा नव्हे, असं दादांचं म्हणणं. मग याला प्रायश्चित्त काय, या दादांच्या प्रश्नाला शास्त्र्यांचं उत्तर होतं, देहान्त. आता दंड राजाने द्यायचा असतो, प्रायश्चित्त पाप्याने आपण होऊन घ्यायचं असतं. इथे दंड देणारा आणि आरोपी एकच! हुकूम बजावणार कोण? दादा त्यानंतर दहा वर्षं जगले, १७८३मध्ये कोपरगावी वारले. हातात काही नसताना ते उत्तर देणं मला फाशीपेक्षा अवघड वाटतं.

राजीनाम्याची तर गंमतच आहे. त्या काळच्या न्यायसभेत 'राजीनामा' म्हणजे 'होईल तो निवाडा आम्हांस मान्य' असं वादी-प्रतिवादींनी लिहून दिलेला कागद. तो फेकायचा नसतो, दप्तरी ठेवायचा असतो.

आणि 'मरेपर्यंत'? हा प्रसंग ग्रँट डफने लिहून ठेवला आहे. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ आपल्या साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचा प्रतिनिधी होता, १८२६ला त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला गेला. त्याच्या लिहिण्याप्रमाणे शास्त्री म्हणाले ते असं की, जोवर कारभार तुमच्या हाती आहे तोवर मी चाकरी घेणार नाही आणि पुण्यात येणार नाही. मग ते वाईजवळच्या एका आडगावी जाऊन राहिले. सगळा जीव त्या 'जोवर'मध्ये आहे. बार रूममधली वकील मंडळीसुद्धा हा मजकूर पुढे ढकलतात याचं नवल वाटतं. अटीच्या एका शब्दावर अख्खं खरेदीखत फिरतं, हे त्यांना कोणी सांगायचं?

दादांचा कारभार गेला, त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, सूत्रं घेतली आणि शास्त्री परत येऊन त्याच कामावर बसले. पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनांचे तंटे, भाऊबंदांच्या वाटण्या, शिवेची भांडणं, तकरिरी म्हणजे वादी-प्रतिवादींची म्हणणी ऐकायची, साक्षी तपासायच्या. ही वर्षं मजकुरात नाहीत, कारण त्यांत टाळीचं वाक्य नाही. त्यांच्या घरात त्या दिवशीच्या शिध्यापलीकडे काही साठवायचं नाही असा नेम होता, हेही डफच सांगतो. लाच घेऊन येणाऱ्याने ती ठेवायची कुठे?

ज्याने मला यंदा मजकूर पाठवला त्याला मी एवढंच लिहिलं, 'मरेपर्यंत' खोडून 'दादा कारभारात असेपर्यंत' कर. त्याने अंगठा दाखवला आणि तोच मजकूर जसाच्या तसा गल्लीच्या ग्रुपवर टाकला.