पंधरा ऑगस्ट सोडून या

जुलै संपत आला की आमच्या जर्सी सिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज येतोच. "१५ तारखेला बॅटरी डान्सला कोण कोण?" पाठोपाठ अंगठ्यांची रांग, दोन-चार तिरंगे आणि "चिवडा मी आणते". यंदा मी लिहिलं, "१३ किंवा १४ ला जाऊया का?" एक अंगठा आला. तोही नवऱ्याचा, शेजारच्या खोलीतून.

तर ग्रुपवर जे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते. लांबलंय, आधीच सांगून ठेवते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरी डान्स ही न्यूयॉर्कमधली नृत्यसंस्था, जोनाथन हॉलंडर यांनी १९७६ साली काढलेली. (बॅटरी म्हणजे सेल नव्हे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बंदराच्या रक्षणासाठी पूर्वी तोफा मांडलेल्या असायच्या, त्यावरून त्या भागाचं हे नाव.) ही संस्था १९८२ पासून दर उन्हाळ्यात त्याच टोकाला उघड्यावर नृत्यमहोत्सव भरवते. आधी त्याला डाउनटाउन डान्स फेस्टिव्हल म्हणायचे आणि नाच व्हायचे भर दुपारी, ऑफिसवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे एका हातात सँडविच आणि समोर बॅले. आता तो ऑगस्टच्या मध्यावर आठवडाभर असतो, संध्याकाळी सातला. २०२० साली सगळं शहर बंद होतं तेव्हा ऑनलाइन झाला, पण झाला. तिकीट नाही, पास नाही, गेट नाही. चटई टाका आणि बसा.

पूर्वी तो वॅग्नर पार्कात व्हायचा, मागे स्वातंत्र्यदेवी. ते पार्क पुराच्या पाण्यापासून वाचवायला उंच करायचं म्हणून बंद झालं आणि २०२३ मध्ये महोत्सव थोडा उत्तरेला, रॉकफेलर पार्कात आला. हा सगळा बॅटरी पार्क सिटीचा ९२ एकरांचा पट्टा म्हणजे हडसन नदीत भर घालून केलेली जमीन. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायासाठी खणलेली माती इथे येऊन पडली. त्या मातीवर हिरवळ, हिरवळीवर स्टेज, स्टेजमागे नदी आणि नदीपलीकडे आमची जर्सी सिटी. थोडक्यात, पाथ ट्रेनने नदीखालून जायचं, आणि बसायचं कुठे, तर आपल्याच घराकडे तोंड करून. सूर्य आमच्या बिल्डिंगांमागे बुडतो. इतकी वर्षं त्या बिल्डिंगांत राहून सूर्यास्त कधी धड दिसला नाही, तो बघायला पलीकडे जावं लागतं.

गेली काही वर्षं १५ ऑगस्टची संध्याकाळ भारतीय नृत्याला दिलेली असते. यात संस्थेला नावं ठेवायला जागाच नाही. हॉलंडर स्वतः शाळकरी वयात मुंबईत राहून गेलेले, भारताशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा. इंडो-अमेरिकन आर्ट्स कौन्सिलचा 'इरेझिंग बॉर्डर्स' हा भारतीय नृत्याचा महोत्सवही काही वर्षं याच मांडवाखाली भरत होता. त्यांनी आपल्याला मानाने बोलावलंय. आपण काय केलं, तर तेवढ्याच संध्याकाळी यायचं ठरवून टाकलं. पंगत एकच असताना आपण आपली वेगळी मांडून घेतली.

आणि यात मी होते. सलग चार वर्षं.

एक प्रसंग सांगते, अजून कानात आहे. ग्रुपमधल्या एकीची भाची त्या दिवशी नाचणार होती. आम्ही तीसेक जण, फोल्डिंगच्या खुर्च्या, आइस बॉक्स, सगळा लवाजमा. भाचीचं झालं, टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. मग आम्ही उठलो. सगळे एकदम. पुढची बाई तोवर स्टेजवर येऊन उभी होती. तिचा नाच शांततेत सुरू होणार होता, संगीत मागाहून. आणि त्या शांततेत आमच्या तीस खुर्च्या मिटल्या. खट्, खट्, खटाखट. कुणाची तरी ॲल्युमिनियमची कोपऱ्यात अडकली म्हणून तिला दोन लाथाही बसल्या. ती बाई हात वर धरून उभीच होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना मी हे बोलून दाखवलं तर एक काका म्हणाले, "अगं, फुकट आहे ना? फुकटात कधीही उठावं."

काकांचं म्हणणं सपशेल चूक आहे असं नाही. उघड्यावरच्या नाचाची मजाच ती. तीन वर्षांचं पोर कंटाळलं, उठलं, गवतात लोळायला गेलं. धावायला आलेला माणूस कानातले काढून पाच मिनिटं थांबला, पुढे गेला. तिकीट काढलेला प्रेक्षक पैसे वसूल करायला बसून राहतो. इथे कुणी बांधलेलं नाही, त्यामुळे नाचणाऱ्याला माणूस धरून ठेवावा लागतो. हे मला फार आवडतं. पण एकेकाने उठणं वेगळं आणि लग्नाचं वऱ्हाड उठावं तसं उठणं वेगळं.

शिवाय 'फुकट' कुणाला? शहराचं सांस्कृतिक खातं, राज्याचं कला मंडळ, फाउंडेशनं, देणगीदार, सगळ्यांच्या दारात वर्षभर अर्ज टाकावे लागतात तेव्हा ही हिरवळ आपल्याला आठवडाभर मिळते. याच शहरात उघड्यावरच्या मोफत नाटकांसाठी भांडण झालेलं आहे. १९५९ साली जोसेफ पॅप सेंट्रल पार्कात शेक्सपिअरची नाटकं मोफत करत होते. पार्कांचे आयुक्त रॉबर्ट मोझेस म्हणाले, तिकीट लावा, प्रेक्षकांच्या बसण्याने गवत जातं, त्याचा खर्च कोण देणार? पॅप कोर्टात गेले आणि अपिलात जिंकले. तीन वर्षांनी तिथे कायमचं थिएटर उभं राहिलं आणि आजही तिथल्या नाटकांना पैसे पडत नाहीत. गवताचं बिल मात्र दरवर्षी कुणीतरी भरतंच असणार.

माझं १५ ऑगस्टचं व्रत कसं मोडलं ते सांगते. श्रेय माझं नाही, सासूबाईंचं. त्या उन्हाळ्यात त्या इथे होत्या. पंधराला त्यांच्या अंगात कणकण, म्हणून आम्ही घरीच. सोळाला एकदम ठणठणीत. थालीपिठं आदल्या दिवशीच झालेली.

"आजही आहे ना तिथं काहीतरी?"

"आहे, पण आई, आपलं नाही."

"नसू दे. नदी तर आहे?"

गेलो. पार्कात टॉम ऑटरनेसची ब्राँझची छोटी छोटी माणसं आहेत, १९९२ सालची, 'द रिअल वर्ल्ड' म्हणतात त्या सगळ्या मांडणीला. गुडघ्याएवढी गोलमटोल माणसं आणि त्यांच्याहून मोठाली नाणी. सासूबाईंनी एका नाण्यावर हात फिरवला, म्हणाल्या, "इथंही सुटका नाही बिचाऱ्यांची."

पहिला नाच आधुनिक, सहा जणांचा. सूर्य थेट स्टेजमागे, त्यामुळे माणसं नुसती काळी कापलेली आकृती. चेहरा नाही, डोळे नाहीत. पण हात कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते हे कळू नये असं काही होत होतं. मग एकटी बाई आली आणि आडवी झाली. बराच वेळ आडवीच. सासूबाई दोन मिनिटं थांबल्या, मग डबा उघडत म्हणाल्या, "उठली की सांग." मलाही ते फारसं पोचलं नाही. सगळंच आवडायला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आणि मग तो टॅपवाला आला, बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून पायांनी ताल वाजवणारा.

स्टेजवर व्हिनाइलची काळी चादर अंथरलेली असते, मार्ली म्हणतात तिला. तिच्यावर टॅपच्या बुटांचा आवाज मरतो. म्हणून दोघांनी एक लाकडी फळी आणून ठेवली, तिच्याजवळ माइक. संगीत काही नाही. हा एकटा, बारीक, बाह्या दुमडलेला शर्ट. फळीवर चढला आणि टाचेने एक ठोका दिला. थांबला. आणखी एक. मग दोन्ही पाय सुटले.

सासूबाईंची पस्तीस-चाळीस वर्षं भजनी मंडळात झांजा वाजवण्यात गेली आहेत. त्यांनी थालीपीठ खाली ठेवलं. डब्याच्या झाकणावर बोटं सुरू झाली. मी नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होते. थोड्या वेळाने मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "सम चुकवतोय. मुद्दाम चुकवतोय बरं का." तो फिरवत होता, समेच्या जवळ आणून सोडून देत होता, पुन्हा आणत होता. आणि एकदाचा आला तेव्हा इकडे झाकणावर टण्ण! पुढच्या चटईवरच्या आजोबांनी वळून पाहिलं. बहुतेक रागावतील असं वाटलं. ते हसले आणि टोपी काढून सासूबाईंना दाखवली.

घरी आल्यावर मी वाचत बसले. टॅप आला कुठून, तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे पायाचे ठेके आणि आयरिश स्थलांतरितांचा जिग नावाचा लोकनाच यांच्या मिसळीतून. ती मिसळ जिथे घट्ट झाली त्या जागांपैकी एक फाइव्ह पॉइंट्स, एकोणिसाव्या शतकातली न्यूयॉर्कची बदनाम गरीब वस्ती. १८४० च्या दशकात विल्यम हेन्री लेन, म्हणजेच मास्टर जुबा, तिथे नाचायचा. ही जागा, आजच्या चायनाटाउनची कड, आम्ही बसलो होतो तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. म्हणजे त्या संध्याकाळी सगळ्यात स्थानिक कोण होतं, तर तो टॅपवाला. आणि मी म्हणत होते "आपलं नाही".

आता आपल्या नर्तकांविषयी थोडं, शिव्या खायची तयारी ठेवून. मीही थोडंफार कथक शिकले आहे आणि एका वर्षी एका गटाबरोबर कपडे सांभाळायला स्टेजमागे होते. तंबूत गर्मी, बाहेर हडसनवरचा वारा. ओढणीला अकरा पिना लावल्या होत्या आम्ही, तरी पहिल्याच चक्करीत ती मुलीच्या तोंडावर. दिवसभर तापलेली काळी मार्ली आणि आपली पोरं अनवाणी. या सगळ्याचा विचार बाकीचे गट करून येतात, आपण बंद सभागृहात बसवलेलं तसंच्या तसं उचलून आणतो. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य आठाच्या जरा आधी मावळतो. सव्वासातला, तो डोळ्यांवर असताना, नायिकेची विरहव्यथा मांडायला घेतली तर पाचव्या चटईच्या मागे कुणाला काय दिसणार? भुवईसुद्धा नाही. तेव्हा तिहाया करा, तिल्लाना करा, म्हणजे अभिनय कमी आणि लय जास्त असं काही, शरीराच्या रेषा दाखवा. दिवे लागले, आभाळ जांभळं झालं, मग खुशाल डोळ्यांचं काम काढा. तेव्हा मी पार शेवटून पाहिलंय, एका भरतनाट्यमवालीने नुसती मान वळवली आणि समोरची कुजबुज थांबली. पण हे कळायला इतर दिवशी इतरांनी काय केलं ते बसून बघावं लागतं. १५ तारखेला नाचून १६ ला घरी झोपणाऱ्याला कसं कळणार?

आणखी एक. बॅटरी डान्सने आदेल युरो नावाच्या बगदादच्या तरुणाला दुरून, व्हिडिओवरून नाच शिकवला होता. ३ जुलै २०१६ ला बगदादच्याच कर्रादा भागातल्या बॉम्बस्फोटात तो गेला. जीव मुठीत धरून नाचणाऱ्यांना आसरा देण्यासाठी त्याच्या नावाने संस्थेने मोहीम सुरू केली आणि तिच्यातून पहिला आला तो इराकी कुर्दिस्तानचा हुसेन स्म्को. हे मला कळलं कधी, तर चार वर्षं त्या हिरवळीवर चिवडा खाऊन झाल्यावर.

तर मी यंदा १३ ला जाणार, १४ लाही जाणार. पंधराला तर आहेच, भाची आता मोठी झाली आहे आणि खरोखर चांगली नाचते. पाण्याची बाटली आणा. टोपी किंवा गॉगल हवाच, पहिला पाऊण तास ऊन तोंडावर असतं. चटई आणा, खुर्ची नको. पाऊस आला तर थोडं थांबा, लगेच पळू नका. पोरं टॉवेल घेऊन येतात आणि स्टेज पुसतात, तेही बघण्यासारखं असतं.

गेल्या वर्षी कामाच्या गडबडीत मला एकच दिवस जमला, अर्थात पंधराच. रात्री सासूबाईंचा फोन.

"गेली होतीस नाचाला?"

"हो आई. काय सुंदर झालं! दोन भरतनाट्यम, एक ओडिसी..."

"आणि तो फळीवाला?"

"नाही हो, आज आपलेच होते सगळे."

"हं," म्हणाल्या. "जेवलात का?"